बग माझा की चित्रकाराचा? चित्रांत शिरायच्या खेळातल्या भानगडी (मदत हवी आहे)

पिक्सेलपंत | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, मदत हवी आहे, आणि एक गुन्हाही कबूल करायचाय.

गेलं दीड वर्ष रात्री जेवणं आटपली की मी एक खेळ बनवत बसतो. ब्राउझरमध्येच चालतो, उतरवून घ्यायची भानगड नाही. गोदी नावाची मुलगी शाळेच्या सहलीतून मागे राहते आणि संग्रहालयातल्या चित्रांच्या आत शिरते. एकेक चित्र म्हणजे एकेक मुक्काम. प्रत्येक मुक्कामी काहीतरी बिघडलेलं असतं: कुणाची सावली भलतीकडे पडलेली, कुणाची वस्तू दुसऱ्याच्याच हातात. ते हुडकून जागेवर आणलं की पुढच्या चित्राचं दार उघडतं.

आजवर पाच मुक्काम झालेत. ब्रुगेलचा म्हणींचा गाव (१५५९), होल्बाइनचे दोन राजदूत (१५३३), रेम्ब्राँचं ‘नाइट वॉच’ (१६४२), मानेचा पॅरिसच्या फोली-बर्जेर या करमणुकीच्या नाट्यगृहातला बार (१८८२) आणि घरचं म्हणून अजिंठ्याचं एक नंबरचं लेणं.

गोची अशी झालीय की लोकांना मीच सांगितलंय बिघाड शोधा, तर ते शोधतायत. पण कळवलेल्या बिघाडांत तीन जाती निघाल्या. एक, मी मुद्दाम ठेवलेले. दोन, माझ्या कोडातले खरेखुरे बग. आणि तीन, जे चित्रकारानेच करून ठेवलेत. ही तिसरी जात मला महागात पडली.

गुन्हा असा: मानेच्या बारच्या चित्रात वरच्या डाव्या कोपऱ्यात हिरव्या बुटांतले दोन पाय लटकतायत. वर धड नाही, खाली जमीन नाही. मी रात्री एक वाजता चित्राचे थर कापत होतो. वाटलं, दुसऱ्या कुठल्या फाइलमधलं शेपूट चिकटून आलंय. इरेझर फिरवला आणि वर झुंबराचा पिवळा रंग भरून टाकला. तीन महिने खेळ तसाच चालू होता. परवा एका खेळणाऱ्याने एका ओळीत विचारलं, "झोक्यावरची बाई कुठे गेली?"

ती तिथल्या कसरतीच्या खेळातली बाई होती हो. मानेच्या शेवटच्या मोठ्या चित्रातलं माणूस मी पुसलं. पाय परत लावलेत, पण आता हात कापतोय. अजून काय काय ‘दुरुस्त’ करून बसलोय देव जाणे. जरा खेळून बघा आणि सापडेल ते इथेच लिहा.

रंगपेटी | रविवार, सकाळी ८:०५

पंत, आधी दंडवत, मग चापट.

मी शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवते, म्हणून थोडं बोलायचा हक्क आहे असं समजते. त्याच बारमध्ये तुमच्याकडे तक्रार क्रमांक ९ आहे, ‘आरशातलं प्रतिबिंब चुकीच्या जागी’. त्याला तुम्ही ‘बघतो’ असं उत्तर दिलंय. कृपा करून बघू नका! ते मानेचंच आहे.

गल्ल्यामागची मुलगी आपल्याकडे सरळ तोंड करून उभी आहे. तिच्या मागे भिंतभर आरसा. म्हणजे तिची पाठ बरोब्बर तिच्या मागे दिसायला हवी, बरोबर? पण मानेने ती पाठ उजवीकडे ढकललीय, आणि आरशात तिच्यासमोर एक टोपीवाला गृहस्थ उभा केलाय. तो खरा असता तर आपल्या जागी उभा असता. म्हणजे मुलीसमोर आपण आहोत की तो? १८८२ पासून लोक यावर भांडतायत. काहींनी प्रत्यक्ष आरसा मांडून, फोटो काढून दाखवलं की बघणारा मधोमध नसून बाजूला उभा आहे असं धरलं तर हे जमू शकतं. मला विचाराल तर मानेला भूमितीपेक्षा त्या मुलीचा चेहरा हवा होता. समोरून ती कुठेच बघत नाही, आणि आरशात मात्र ती वाकून त्या माणसाचं ऐकून घेतेय.

मुलांना हे चित्र दाखवलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "बाई, हे चुकलंय ना?" तिथपासून तास छान जातो.

घाटावरचा | रविवार, सकाळी १०:३०

कलेतलं कळत नाही, कोडातलं बोलतो.

नव्या मॉनिटरवर खेळलो. गोदी सुसाट पळते. पोराच्या जुन्या लॅपटॉपवर मात्र बरी चालते. पंत, तुम्ही तिला दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल पुढे सरकवताय का?

पिक्सेलपंत | रविवार, सकाळी १०:४२

हो. फ्रेमला चार पिक्सेल.

घाटावरचा | रविवार, सकाळी ११:१०

मग झालं. ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या, पडद्यावर सेकंदाला २४० पिक्सेल, माझ्या १२० वाल्यावर ४८०. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजा आणि वेगाला त्याने गुणा. म्हणजे पडदा कुठलाही असो, चाल एकच.

पण हे केलंत की लगेच दुसरा बग उपटेल, आधीच सांगून ठेवतो. माणूस मधेच दुसऱ्या टॅबवर जातो, व्हॉट्सॅप बघतो, चहा घेऊन येतो. तोवर ब्राउझर तुमची फ्रेम थांबवून ठेवतो. परत आला की ‘गेलेला वेळ’ निघतो चार मिनिटं. गुणाकार होतो आणि गोदी एका उडीत भिंतीतून आरपार. तेव्हा गेलेल्या वेळेला वरची मर्यादा घाला, ५० मिलिसेकंद पुरे.

पिक्सेलपंत | रविवार, दुपारी २:१५

घाटावरचा, तुम्ही ज्योतिषी आहात का? तक्रार क्रमांक १७: ‘चहा घेऊन आलो तर मुलगी चित्राच्या चौकटीबाहेर काळ्या अंधारात उभी होती, परत येत नव्हती.’ मला वाटलं कुणीतरी कविता पाठवलीय.

दोन्ही केलं. चालतंय.

सातवीतल्याची_आई | रविवार, दुपारी ४:५०

आमचे चिरंजीव काल रात्रीपासून ब्रुगेलच्या गावात मुक्कामाला आहेत. त्यांच्या तक्रारी जशाच्या तशा:

१. ‘बैल गेला आणि झोपा केला’ मध्ये टायपो आहे. ‘झोप केली’ असं हवं.

२. एका पाटीवर ‘तीन दर्या ओलांडून जा’ असं आहे. उजवीकडे वर समुद्र दिसतो, पण तिथे जाता येत नाही. आणि समुद्र एकच आहे.

३. माणूस डुकरांपुढे फुलं टाकतोय ते का?

पहिल्यावर मी हसले, मग मलाही झोपा म्हणजे नक्की काय ते धड सांगता येईना.

ओसरी | रविवार, संध्याकाळी ६:२०

झोपा म्हणजे गोठ्याचं दार हो ताई. कुडाचं, काटक्यांचं, बांबूच्या कामट्यांचं, जे मिळेल त्याचं. आमच्या आजोळी गोठ्याला असाच होता, सुतळीने बांधलेला. रात्री आडवा लावायचा. बैल निघून गेल्यावर तो लावण्यात काय अर्थ? चिरंजीवांना म्हणावं, झोप बैलाची नाही, मालकाची झाली.

आणि पंत, इथे तुम्हाला मानलं. ब्रुगेलच्या चित्रात नेमकी हीच म्हण आहे. वासरू विहिरीत पडून मेल्यावर माणूस फावड्याने विहीर बुजवतोय. तिकडे वासरू, इकडे बैल. तिकडे विहीर, इकडे झोपा. अक्कल येण्याची वेळ दोन्हीकडे तीच. इथे भाषांतर करावंच लागलं नाही, म्हण आपल्या पायांनी चालत आली.

डेल्फ्टवाली | रविवार, रात्री ९:०० (इथे दुपार)

ओसरी, +१. त्या चित्रात शंभराच्या वर म्हणी आहेत. मी बर्लिनला मूळ चित्र पाहिलंय, पावणेदोन मीटरसुद्धा रुंद नाही आणि माणसांची नुसती जत्रा. खाली डावीकडे एकजण भिंतीवर डोकं आपटतोय. त्याच्याजवळ चिलखत घातलेला, दातांत सुरी धरलेला वीर मांजराच्या गळ्यात घंटा बांधतोय. मधोमध लाल झग्यातली बायको नवऱ्याच्या अंगावर निळा झगा चढवतेय, म्हणजे त्याला फसवतेय. त्यावरून चित्राला ‘निळा झगा’ असंही म्हणायचे. चिरंजीवांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: डुकरांपुढे गुलाब म्हणजे आपली गाढवापुढची गीता.

अजून एक पंतांनी घेतलेली दिसत नाही. एकजण वारा कुठून येतो ते बघून आपला झगा वाळत घालतो. वारा येईल तशी पाठ! ती घ्याच.

रच्याकने, इथे नेदरलँड्समध्ये लोक ब्रुगेलला ‘ब्रोखल’च्या जवळपास म्हणतात, तो ‘ख’ घशातून काढायचा. पण ब्रुगेलच राहू द्या, आपल्याकडे तेच रुळलंय.

पिक्सेलपंत | रविवार, रात्री १०:३०

वाऱ्याची म्हण लिहून घेतली.

दर्याचं प्रकरण माझंच, आणि लाज आणणारं. मूळ ओळ ‘तीन दऱ्या ओलांडून जा’. मी एका जुन्या फाइलमधून मजकूर चिकटवला, त्यात तो र साधा होता, म्हणून रफार झाला आणि दरीचा समुद्र झाला. ज्यांना वाटतं शुद्धलेखनाने काय फरक पडतो, त्यांनी सातवीतल्या पोराला समुद्रकिनारी अर्धा तास उभं करून बघावं.

आता लिहायचंच झालं तर दुसरं रडगाणंही ऐका. गोदीचे संवाद टंकलेखन यंत्रासारखे एकेक अक्षर करत उमटतात. इंग्रजीत हे दोन ओळींचं काम. मराठीत ‘चित्र’ कसं उमटलं माहितीये? आधी च. मग चि. मग चित. मग चित्. मग चित्र. प्रत्येक टप्प्यावर शब्द अंग झाडतोय, पुढची अक्षरं डावी-उजवीकडे सरकतायत. ‘स्त्री’ला तर सहा हिसके. बघणाऱ्याला वाटतं फॉन्ट आजारी आहे. काही उपाय?

घाटावरचा | सोमवार, सकाळी ७:४५

संगणकासाठी च, वेलांटी, त, पाय मोडायची खूण आणि र हे पाच वेगळे तुकडे आहेत. तुम्ही तुकडे मोजताय, वाचणारा अक्षरं मोजतो.

जावास्क्रिप्टमध्ये ‘सेगमेंटर’ म्हणून सोय आहे, ती मजकूर माणसाच्या नजरेच्या अक्षरांत तोडून देते. पण तिच्यातही खोच आहे. जुन्या नियमांत जोडाक्षर मधेच तुटायचं: चि, त्, र. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या संगणकावर मांडायच्या नियमांच्या, १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये, देवनागरीसकट काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरं अखंड ठेवायचा नियम आला. सगळ्यांचे ब्राउझर ताजे असतील असं नाही. म्हणून स्वतः एक फेरी मारा: तुकड्याच्या शेवटी पाय मोडलेला असेल आणि पुढे व्यंजन असेल तर दोन्ही जोडून टाका. पुढे मोकळी जागा असेल तर सोडून द्या, नाहीतर ‘अर्थात्’ पुढच्या शब्दाला जाऊन चिकटेल.

पिक्सेलपंत | सोमवार, रात्री ११:५५

केलं. ‘चित्र’ आता दोन ठोक्यांत. चि. त्र. अगदी बाराखडी म्हटल्यासारखं वाटतं. पाच मिनिटं नुसता तो एक शब्द बघत बसलो होतो.

कडूकारले | मंगळवार, दुपारी १२:१०

सगळे कौतुक करतायत म्हणून मी जरा मीठ टाकतो.

राजदूतांच्या मुक्कामात बिघाड म्हणून तुम्ही काय ठेवलंय? फळीवरच्या ल्यूटची (जुनं युरोपी तंतुवाद्य) तुटलेली तार जोडा! अहो, ती तार होल्बाइनने मुद्दाम तोडलीय. चित्र १५३३ चं. युरोपात धर्मावरून फाटाफूट चाललेली. सगळी वाद्यं, पृथ्वीचा गोल, ग्रहताऱ्यांची यंत्रं नीट मांडून ठेवलीत आणि त्यात एकच तार तुटलेली, म्हणजे सूर बिघडलाय. ती तार गोदीने जोडली की टाळ्या वाजतात, दार उघडतं. तुम्ही त्या चित्रातला महत्त्वाचा शब्दच खोडला आणि वर पोरांना बक्षीस दिलंत. हिरवे पाय चुकून पुसलेत, हे ठरवून केलंत.

ओसरी | मंगळवार, दुपारी १:००

कारले, खेळ आहे हो, प्रबंध नाही. तार जोडल्याने पोर ल्यूट बघतं तरी. नाहीतर कोण बघणार होतं?

कडूकारले | मंगळवार, दुपारी १:२५

बघू देत की. पण बघून चुकीचं शिकायचं असेल तर नाही बघितलं तरी चालेल.

रंगपेटी | मंगळवार, दुपारी ३:४०

मी इथे कारल्यांच्या बाजूने, पण सूर खाली आणून. पंत, उलटं करा ना. मुक्कामाच्या सुरुवातीला तार शाबूत ठेवा. गोदीला बाकीच्या खुणा शोधू देत: डाव्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड अर्धा लपलेला क्रूस, डावीकडच्याच्या खंजिराच्या म्यानावर त्याचं वय २९, उजवीकडच्याच्या कोपराखालच्या पुस्तकावर २५. या सगळ्यातून तिला कळावं की काहीतरी जास्तच नीटनेटकं आहे, आणि तार तिने तोडावी. तोडल्यावर दार उघडावं.

पिक्सेलपंत | मंगळवार, रात्री १०:१५

कारले, लागलं, पण बरोबर आहे. मी ‘तुटलेलं = दुरुस्त करायचं’ एवढंच डोक्यात धरून चित्रं चाळत होतो. रंगपेटी, तुमचं तसंच करतोय. तार तुटायचा आवाज माझ्या मेव्हण्याच्या जुन्या मेंडोलिनवरून घेतला. त्याला अजून सांगितलेलं नाही.

याच मुक्कामावर सगळ्यात जास्त तक्रारी आहेत, सात. सगळ्या एकच: ‘खाली पायांजवळ काहीतरी तिरकं, ताणलेलं, फाटल्यासारखं दिसतंय, टेक्स्चर नीट चढलेलं नाही.’ ती कवटी आहे. समोरून तिरका करडा फराटा दिसतो, चित्राच्या उजव्या कडेला भिंतीजवळ जाऊन बघितलं की नीट कवटी. गोदी उजव्या कडेला गेली की मी चित्र आडवं दाबून ती दाखवतो. पण तिथवर कुणी जातच नाही, आधीच तक्रार लिहितात.

सातवीतल्याची_आई | मंगळवार, रात्री १०:४०

चिरंजीवांनी गोदीला न हलवता काढली कवटी. फोनची उजवी कड डोळ्याजवळ आणली, एक डोळा मिटला आणि पडद्याला जवळजवळ समांतर बघितलं. मग अख्ख्या घराला करायला लावलं. सासूबाईंना दिसली तेव्हा त्या ‘अगंबाई’ म्हणून फोन खाली टाकणार होत्या.

कडूकारले | मंगळवार, रात्री १०:५८

हे मात्र भारी. मूळ चित्र दोन मीटरहून मोठं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन लोक भिंतीला गाल लावून बघतात, ते या पोराने बिछान्यात केलं.

डेल्फ्टवाली | बुधवार, रात्री ८:२०

आता माझ्या हद्दीतलं.

पंत, ‘नाइट वॉच’मध्ये तुम्ही गोदीच्या हातात कंदील दिलाय आणि सगळं निळंकाळं केलंय. रात्र नाहीये ती! मूळ नावात रात्रीचा उल्लेखच नाही, ते कॅप्टन फ्रान्स बानिंग कॉकच्या तुकडीचं चित्र आहे. वार्निश वर्षानुवर्षं काळवंडत गेलं म्हणून लोकांना रात्र वाटली आणि नाव चिकटलं. विसाव्या शतकात ते वार्निश उतरवल्यावर दिवस निघाला.

उजेड कुठून येतोय ते चित्रच सांगतं. कॅप्टनने डावा हात पुढे केलाय, त्याची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळट कोटावर पडलीय, बोटांसकट. म्हणजे उजेड वरून, डावीकडून. तुमच्या खेळात गोदीची सावली डावीकडे पडते. रेम्ब्राँने स्वतःच्या हाताने दिशा काढून दिली असताना?

दुसरं. डावी बाजू तुम्ही जिथे संपवलीत तिथे ती मुळात संपत नव्हती. १७१५ साली चित्र ॲमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं, जागेत बसेना, म्हणून चारी बाजूंनी कापलं. डावीकडून साठेक सेंटिमीटर गेलं, वरून बावीसेक. डाव्या पट्टीत दोन माणसं आणि एक मुलगा होता. कापलेले तुकडे आजवर मिळालेले नाहीत. पण कापण्याआधी गेरिट लुंडेन्स या चित्रकाराने एक लहान नक्कल केली होती, तिच्यावरून कळतं. २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने, जिथे आता हे चित्र आहे, त्या नकलेवरून, संगणकाला रेम्ब्राँची धाटणी शिकवून, हरवलेल्या पट्ट्या छापल्या आणि काही महिने मूळ चित्राच्या भोवती लावल्या. मी तेव्हा दोनदा गेले. त्या तीन जणांपेक्षा मला जास्त चटका लागला तो मधल्या जागेचा. पट्ट्या लावल्यावर कॅप्टन मध्यावरून जरा उजवीकडे जातो आणि अख्खी तुकडी चालायला लागल्यासारखी वाटते. कापलेल्या चित्रात ती नुसती उभी आहे.

पिक्सेलपंत | बुधवार, रात्री ११:३०

डेल्फ्टवाली, मुक्काम नव्याने करतोय. कंदील काढला, दिवस केला. सावलीचा कोन थेट कॅप्टनच्या हातावरून मोजला. आणि डाव्या कडेला एक दार ठेवतोय, त्यातून गोदी कापलेल्या पट्टीत जाईल. तिथे रंग फिके, कडा धूसर, म्हणजे कळेल की हे रेम्ब्राँचं नाही, नकलेवरून आहे. तिथले तिघे तिला एकच विचारतील, "आमच्या बाजूला कुणी येतं का?"

घाटावरचा | गुरुवार, सकाळी ९:१५

अजिंठ्याच्या मुक्कामात राणी हवेशी बोलतेय. समोर कुणी नाही, पण संवाद चालू. हे कुणाचं? गुप्तकाळातल्या कुणाचं की तुमचं?

पिक्सेलपंत | गुरुवार, सकाळी ९:४०

माझं. हे ऐका, मजा आहे.

पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची, गोष्ट रंगवलीय. राजाला वैराग्य येतं, राणी सिवली त्याला अडवायचा प्रयत्न करते, तो राज्य सोडून निघतो. चौकटी नाहीत. एकाच भिंतीवर राजा महालात बसलाय, पलीकडे साधूपुढे आहे, आणखी पुढे घोड्यावरून निघालाय. तिन्ही तोच. गोष्ट नजरेबरोबर सरकते.

मी सगळ्या मुक्कामांसाठी एक नियम लिहिला होता: एका दृश्यात एक पात्र एकदाच, दुसऱ्यांदा सापडलं तर ती चुकून झालेली नक्कल समजून काढून टाक. कारण सुरुवातीला गोदीच्याच दोन-दोन आवृत्त्या फिरायच्या. त्या नियमाने राजाचे दोन अवतार उडवले. उरला फक्त घोड्यावरचा. राणी महालात रिकाम्या आसनाची समजूत घालत बसली.

रंगपेटी | गुरुवार, सकाळी ११:००

आणि गोष्टीच्या दृष्टीने बघितलं तर राजा निघून गेलाच ना शेवटी. तुमच्या कोडाने फक्त घाई केली.

अवांतर: तुमचं लेणं जास्त पिवळं झालंय. तो पिवळेपणा सगळा मूळचा नाही. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमारास, इटालियन संवर्धकांना बोलावून भित्तिचित्रांवर शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, चढवलं होतं. रंग टिकावेत म्हणून, पण तेच पुढे पिवळं पडलं. त्याआधीच्या नकलांचंही नशीब बघा: रॉबर्ट गिल या इंग्रज अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं लेण्यांत बसून केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्या कित्येक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. तुमच्या खेळाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून घरात ठेवा. लंडनला पाठवू नका.

ओसरी | गुरुवार, दुपारी १२:३०

:)) पंत, पुढचा मुक्काम कुठला? लिओनार्दोचं ‘शेवटचं जेवण’ घ्या की.

कडूकारले | गुरुवार, दुपारी १:१०

घ्या, पण आधीच सांगतो, तक्रार क्रमांक एक येणार ‘येशूचे पाय गायब’. १६५२ साली मिलानच्या त्या मठात भोजनगृहाच्या भिंतीत दार मोठं करताना पाय कापले गेले. तो बग साधूंचा. ओल्याऐवजी कोरड्या गिलाव्यावर रंगवल्यामुळे रंग लिओनार्दोच्या हयातीतच सुटायला लागला, तो बग त्याचा. पाय बघायचे तर त्याच्या शिष्याची, जाम्पिएत्रिनोची, नक्कल बघा. आणि पंतांच्या कामाची एक गोष्ट: येशूच्या कानशिलाजवळ खिळ्याचं भोक सापडलंय, तिथे दोरी बांधून सगळ्या रेषा आखल्या. खोलीची खोली काढताना तोच बिंदू धरा, छत-भिंती आपोआप जुळतील.

पिक्सेलपंत | शुक्रवार, रात्री १२:२०

नवी आवृत्ती चढवली. हिरवे पाय परत. गोदीची चाल सगळीकडे सारखी. जोडाक्षरं अखंड. दऱ्या कोरड्या. ल्यूटची तार आता तोडायची आहे. ‘नाइट वॉच’ला दिवस. राजा तिन्ही ठिकाणी हजर, राणीचं बोलणं ऐकून घेतो (आणि तरीही जातो). तक्रारीच्या पानावर आता तीन खण केलेत: ‘माझा’, ‘त्याचा’, ‘मुद्दाम’. कळवताना अंदाजाने एकावर टिचकी मारा.

सातवीतल्याची_आई | शुक्रवार, सकाळी ७:१०

शाळेची बस यायच्या आत चिरंजीवांनी कळवायला सांगितलंय: बारमध्ये डावीकडे गल्ल्यावर ठेवलेल्या बाटल्या आरशात भलत्याच काठावर दिसतात. त्यांची टिचकी ‘त्याचा’ वर आहे.

पिक्सेलपंत | शुक्रवार, सकाळी ७:२५

थांबा, मूळ चित्राशी ताडून बघतो. इरेझर लांब ठेवलाय.

(संपादन, ७:५०: त्याचाच. शाब्बास म्हणून सांगा. मात्र तिथेच संत्र्यांचं काचेचं भांडं तीन पिक्सेल खाली घसरलं होतं, ते माझं. सरकवलं वर.)